पेलेटचा कुठला डबा घ्यावा? दहा मीटर एअर रायफलवाल्यांसाठी

माझ्याकडे एअर रायफल शिकायला येणाऱ्या मुलांच्या आईवडिलांचा मोठा खर्च रायफलवर होतो, पण तो एकदाच. पेलेट, म्हणजे तिच्यातून मारायच्या शिशाच्या बारीक गोळ्या, मात्र संपतच राहतात. त्यामुळे "मावशी, कुठला डबा घेऊ?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो. आपल्या इंदुरात या प्रश्नाची तीन उत्तरं चालतात: दुकानदार देईल तो, क्लबमधला सर्वांत पुढे असलेला मुलगा वापरतो तो, किंवा परवडेल त्यातला सर्वांत महाग तो. माझं म्हणणं असं की यातल्या कुणालाही विचारण्याआधी आपल्या रायफलच्या नळीला विचारावं. तिला विचारायची एक रीत आहे, ती फार खर्चिक नाही, आणि एकदा नीट केली की वर्षभर पुरते.

कॉलेजच्या दिवसांत एनसीसीत मी पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाची लहान रायफल, चालवली, पुढे आयुष्य भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलं. मोजमापाची सवय तिथली. खाली जे सांगते आहे ते नेमबाजी आणि प्रयोगशाळा या दोन्हींतून आलेलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अलीकडे मुलं मोबाइलवर बघून येतात. अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी लोक घरी बसून शॉटगनची काडतुसं भरतात, आपल्या बंदुकीला कोणता स्लग (एकच मोठी गोळी) आणि किती दारू मानवते ते तपासतात. त्यांच्याकडे तो कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे परवाना लागतो, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकार हा गुन्हा आहे. एअरगनने पोपट टिपणंही त्यातच येतं. इंदूरजवळ रालामंडलला होळकरांची शिकारीची कोठी आहे, तिचं आता संग्रहालय झालं आहे आणि भोवतालच्या जंगलात हरणं निर्धास्त चरतात. ते तसंच असायला हवं. पण त्या लोकांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे: गोळी आणि नळी यांची जोडी स्वतः तपासून जुळवायची. ती आपण कागदाच्या टार्गेटसाठी पूर्ण समाधानाने करू शकतो.

नळीला काय हवं असतं

आपला पेलेट ४.५ मिलिमीटरचा, मऊ शिशाचा. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर, त्याला स्कर्ट म्हणतात. डोकं सपाट असतं ते कागदात गोल, स्वच्छ छिद्र पडावं म्हणून. नळीच्या आत वळत गेलेल्या खाचा असतात. डोकं त्यांच्या कडांवरून सरळ मार्गाने जातं आणि स्कर्ट मागून हवा अडवतो. डोकं नळीपेक्षा किंचित लहान असेल तर पेलेट आतच डगमगतो; मोठं असेल तर दर वेळी वेगळ्या जोराने आत बसतो. दोन्हींत ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका, फुटतो.

डब्यावर चिकटवलेल्या लेबलवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, ते डोक्याच्या व्यासाचे. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. तो कॅलिपरने मोजायच्या भानगडीत पडू नका: शिसं इतकं मऊ असतं की जबड्यात धरलं की दबतं, आणि साध्या डिजिटल कॅलिपरची स्वतःचीच चूक त्याहून मोठी असते. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींनाही वेगवेगळी मापं आवडू शकतात. म्हणून मैत्रिणीच्या वॉल्थर रायफलला ४.५० लागतो, यावरून तुमच्या वॉल्थरबद्दल काही कळत नाही.

आकड्याशिवाय डब्यावर लॉट नंबरही, म्हणजे कंपनीतल्या खेपेचा क्रमांक, असतो. कंपनी तीच, माप तेच, पण लॉट बदलला की साचा आणि शिशाची घडण थोडी बदललेली असू शकते. पॉइंट टू टूचे मोठे नेमबाज एले किंवा लापुआ या काडतुसांच्या कंपन्यांच्या चाचणी केंद्रावर स्वतःची रायफल घेऊन जातात आणि लॉटमागून लॉट तिच्यातून मारून पाहतात, ते याचसाठी. आपल्याला परदेशात जायची गरज नाही, दहा मीटरचा एक बंद हॉल पुरतो.

कुणी किती खर्च करावा

हा भाग पालकांनी दोनदा वाचावा, कारण पैसे इथेच वाचतात.

दहा मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. पुढचं प्रत्येक वर्तुळ व्यासाने ५ मिलिमीटरने वाढतं: नऊचं ५.५, आठचं १०.५, असं करत एकचं ४५.५. पेलेटची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे पेलेटचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवं. दशांश गुणांत मोजलं तर प्रत्येक पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. १०.९ मिळायला केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत, ९.० साठी ५ मिलिमीटरच्या आत. स्पर्धेत असे ६० शॉट, कमाल ६५४ गुण.

कागदावर दिसणारा फैलाव दोन गोष्टींनी बनतो: आपला हात, शरीर, ट्रिगर यांचा फैलाव आणि रायफल-पेलेट जोडीचा स्वतःचा फैलाव. हे दोन सरळ बेरजेने मिळत नाहीत. दोघांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. आता दोन मुली घेऊ.

पहिली नवखी आहे, सरासरी ९ च्या आसपास मारते. उभं राहून मारलेल्या तिच्या दहा शॉटचा फैलाव केंद्र ते केंद्र साधारण २० मिलिमीटर. तिला दीड मिलिमीटरचा ग्रुप देणारा उत्तम पेलेट दिला तर एकूण फैलाव २०.०६ होतो. तीन मिलिमीटरचा साधा पेलेट दिला तर २०.२२. साठ शॉटमध्ये फरक पडतो सुमारे १ गुणाचा, आणि तो तिच्या रोजच्या चढउतारात सापडणारसुद्धा नाही.

दुसरी मुलगी १०.३ च्या सरासरीची आहे, म्हणजे ६१८ मारणारी. तिच्या हाताचा फैलाव ६ मिलिमीटर धरू. उत्तम पेलेटने एकूण ६.१८, साध्या पेलेटने ६.७१. साठ शॉटमध्ये हा फरक सुमारे ३ गुणांचा होतो. अंतिम फेरीत फक्त आठजण जातात आणि त्या रांगेत आठवी आणि पंधरावी यांच्यात अनेकदा तेवढंच अंतर असतं.

म्हणून नवख्या मुलाला सर्वांत महाग मॅच पेलेटचा, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाच्या पेलेटचा, डबा देऊ नका. गामो मॅच, आरडब्ल्यूएस हॉबी किंवा अशाच सरावाच्या वर्गातला, सपाट डोक्याचा पेलेट पुरतो. वाचलेल्या पैशांत त्याला मापाचं जॅकेट आणि बूट मिळू द्या, त्याने गुण वाढतील. मुलाचा स्वतःचा ग्रुप दहा मिलिमीटरच्या आत यायला लागला की पेलेटची चाचणी करायची वेळ आली असं समजा.

माझ्या भाचीचे वडील यावर अडून बसले होते, "पोरगी मन लावून करते तर तिला चांगलंच मिळायला हवं." त्यांची भावना मला पूर्ण पटते. पण चांगलं म्हणजे काय हे तिच्या पातळीवर ठरतं, आणि त्या वर्षी तिच्यासाठी चांगलं म्हणजे घरी भिंतीकडे तोंड करून रोज अर्धा तास ड्राय फायर, म्हणजे पेलेट न भरता नेम धरून घोडा ओढणं. त्याला एकही पेलेट लागत नाही. मात्र ड्राय फायरची सोय असलेल्या मॅच रायफलवरच ते करायचं. घरातल्या जुन्या आयएचपी ३५ सारख्या स्प्रिंगच्या एअरगनचा घोडा रिकाम्या नळीवर कधीही ओढू नका. समोर पेलेटचा अडथळा नसला की पिस्टन जोरात आदळतो आणि स्प्रिंग, सील दोन्ही खराब होतात.

चाचणीची तयारी

पाचसहा जणांनी मिळून करा. प्रत्येकाने वेगळ्या मापाचा किंवा वेगळ्या कंपनीचा एकेक डबा घ्यायचा आणि आपसांत पन्नास-पन्नास वाटून घ्यायचे. एका डब्यात ५०० पेलेट असतात, त्यामुळे एका डब्याच्या पैशांत सगळ्यांना सगळी मापं तपासता येतात. वाटताना प्रत्येक छोट्या डबीवर कंपनी, वजन, माप आणि लॉट नंबर लगेच लिहा. डबी आधी आणि चिठ्ठी नंतर, असं केलं की मापं मिसळतात.

रायफलला सुरुवातीला ०.५३ ग्रॅमच्या वर्गातले पेलेट घ्यावेत: आरडब्ल्यूएसचा आर १० किंवा माइस्टरकुगेल्न, हाइन अँड नोएलचा फिनाले मॅच. पिस्तूलवाले हलके वापरतात, पण काही रायफलींना हलका पेलेट जास्त मानवतो, म्हणून एखादी हलकी डबी चाचणीत ठेवायला हरकत नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी मूठभर पेलेट पांढऱ्या सुती कापडावर पसरा आणि चांगल्या उजेडात बघा. स्कर्टची कड चेपलेली, शिशाचा बारीक काटा राहिलेला, डोक्यावर चरा गेलेला, असे बाजूला काढा. ते फेकायची गरज नाही, सरावाच्या सुरुवातीला नळी गरम करायला चालतात. माझ्या अनुभवात निवडण्याच्या सगळ्या कामांत हे सर्वांत फायद्याचं आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. हवा स्कर्टच्या मागच्या कडेवरून सुटते, त्यामुळे ती कड एका बाजूने वाकडी असेल तर बाहेर पडतानाच पेलेटला तिरका धक्का बसतो.

वजन करून वेगळे करावेत का, हा प्रश्न नेहमी येतो. सराफ्यात दुकानदारांकडे असतो तसा मिलिग्रॅम दाखवणारा छोटा तराजू आता सहज मिळतो, त्यामुळे लोकांना मोह होतो. हिशेब करून पाहा. मॅच रायफलमधून पेलेट साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघतो. दहा मीटर जायला त्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने तो सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. पेलेट १ टक्क्याने, म्हणजे ५ मिलिग्रॅमने जड निघाला, तर हवेची ऊर्जा तीच असल्याने वेग अर्ध्या टक्क्याने घटतो आणि पेलेट आणखी ०.१८ मिलिमीटर खाली लागतो. म्हणजे ०.१ गुणापेक्षाही कमी. चांगल्या मॅच पेलेटच्या डब्यात एवढा फरकही क्वचितच दिसतो. तेव्हा वजन करायचंच असेल तर डब्यातले वीसेक करून बघा. एखादा फारच वेगळा निघाला तर तो लॉट सरावाला ठेवा. पाचशेच्या पाचशे तोलत बसू नका. ती संध्याकाळ ड्राय फायरला द्या.

नळीला विचारणं

रायफल कॉम्प्रेस्ड एअरची असेल तर ती व्हाइसमध्ये, म्हणजे कारागिराच्या शिकंज्यात, पकडून चाचणी करता येते. जबड्यांना जाड चामडं किंवा रबर लावा आणि रायफलचा लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा स्टॉक (दस्ता) काढून रिसीव्हरचा, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेचा, भाग पकडा. नळी स्वतः आवळायची नाही. व्हाइस जड टेबलाला आणि टेबल जमिनीला घट्ट हवं. टेबल हललं तर मोजमाप टेबलाचं होतं. व्हाइसची सोय नसेल तर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून, खुर्चीत बसून, शांतपणे मारा. त्यात तुमचा थोडा फैलाव मिसळेल, पण तो सगळ्या डब्यांमध्ये सारखाच मिसळेल, त्यामुळे तुलना करता येते.

स्प्रिंगच्या एअरगनचं वेगळं आहे. तिला कधीही आवळायचं नाही. पेलेट नळीतून बाहेर पडायच्या आधीच पिस्टनच्या धक्क्याने ती मागेपुढे हलते, आणि हे हलणं दर वेळी एकसारखं होऊ दिलं तरच ग्रुप येतो. पिशवीवर उघडा तळहात ठेवा, त्यावर रायफल नुसती टेकवा, दस्ता खांद्याला हलका लागू द्या. तळहाताची जागा दर वेळी तीच ठेवा.

सुरू करण्यापूर्वी सगळे स्क्रू तपासा, सिलिंडर भरून घ्या आणि त्यावरची मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेला सिलिंडर चाचणीत काय, सरावातही वापरायचा नाही. स्पर्धेत तर त्याची जबाबदारी नेमबाजाचीच असते. नळी आदल्या दिवशी साफ केली असेल तर नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या गोळ्यांनी कोरडीच साफ केलेली असावी, आणि साफसफाईनंतर वीसेक पेलेट मारल्याशिवाय ग्रुप मोजायचा नाही. पंखे बंद. इंदुरात उन्हाळ्यात हे कठीण जातं, म्हणून आम्ही सकाळी सातला बसतो.

आता मुख्य काम. पहिल्या डबीतले पाच-सात पेलेट वेगळ्या कागदावर मारा. डबी बदलली की आधीच्या पेलेटचं शिसं आणि वरचं तेल नळीत असतं, ते निघून नव्याची पुटं बसू द्यायची. मग दहा शॉटचा एक ग्रुप. नंतर दुसरी डबी: पुन्हा पाच-सात सोडून दहाचा ग्रुप. तिसरी, चौथी. सगळ्या झाल्या की पहिल्यापासून परत. असे प्रत्येक डबीचे तीन ग्रुप करा. एकाच डबीचे तिन्ही ग्रुप सलग मारले तर दिवस चढेल तसं तापमान वाढतं, सिलिंडरचा दाब उतरतो, माणूस थकतो, आणि हे सगळे फरक शेवटच्या डबीच्या नावावर जमा होतात. आलटून पालटून मारलं की ते सगळ्यांत वाटले जातात.

तीन किंवा पाच शॉटच्या ग्रुपवर काहीही ठरवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. पाच शॉट योगायोगाने एका छिद्रातून जातात, आणि त्या एका कागदाचा फोटो काढून लोक वर्षाचे डबे मागवतात. शॉट वाढले की फैलाव वाढणारच. म्हणून दहाशी दहाच तोलायचे, आणि तीन ग्रुपांची सरासरी बघायची.

कागद जाड कार्डाचा, मागे पुठ्ठा लावलेला हवा. वहीचा कागद फाटतो आणि कड दिसत नाही. ग्रुप मोजताना छिद्राच्या एका बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत कॅलिपरने मापा. त्यातून पेलेटचा व्यास वजा केला की केंद्र ते केंद्र फैलाव मिळतो. पण ४.५ डोळे झाकून वजा करू नका. कागदाचे तंतू परत आत येतात, त्यामुळे एकट्या पेलेटचं छिद्र ४.५ पेक्षा थोडं लहान मोजलं जातं. त्याच कार्डावर एका कोपऱ्यात एकच पेलेट मारून त्याचं छिद्र मोजा आणि तो आकडा वजा करा.

समजा बाहेरून ६.० आणि एकट्या छिद्राचं माप ४.३ आलं, तर फैलाव १.७. व्हाइसमधून चांगल्या मॅच रायफलने दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास सरासरी देणारा पेलेट कोणत्याही राज्यस्तरीय स्पर्धेला पुरेसा आहे. दोन डब्यांमध्ये ०.१-०.२ चा फरक दिसला तर तो फरक धरू नका. स्वस्त असेल तो, किंवा गावात वर्षभर मिळत राहील तो घ्या. एखादी डबी मात्र तिन्ही फेऱ्यांत तीन मिलिमीटर देत असेल तर ते माप नळीला नको आहे. डबा कितीही प्रसिद्ध असो, तो सरावाला.

ग्रुप लहान आहे पण टार्गेटच्या केंद्रापासून बाजूला आहे, याची काळजी करू नका. ते साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण-कडी, फिरवून जागेवर येतं. चाचणीच्या वेळी साइटला हातच लावायचा नाही, नाहीतर फेऱ्यांची तुलना होत नाही.

शिसं आणि मुलं

शिसं विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम जास्त होतो. पेलेट तोंडात धरायचा नाही, एका क्षणासाठीही. रेंजवर पोहे-जलेबीचा पुडा उघडायचा नाही. आधी बाहेर जाऊन साबणाने हात-तोंड धुवायचं, मग खायचं. पेलेट ट्रॅपच्या, म्हणजे टार्गेटमागे पेलेट अडवणाऱ्या पेटीच्या, आसपास कोरडा झाडू मारला की शिशाची धूळ हवेत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं वेगळं ठेवायचं. ट्रॅपमध्ये जमलेलं शिसं मोठ्यांनीच, हातमोजे घालून काढावं. हे मी दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगते आणि पालकांना समोर उभं करून सांगते.

घरी दहा मीटरची जागा असेल तर भिंत पक्की, टार्गेटकडे उघडणारं एकही दार नको, आणि रायफल उचलली की घरातल्या सगळ्यांना ते माहीत असलं पाहिजे. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. मॅच रायफल साडेसात जूलच्या आसपासच असते. पण परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. डोळ्याला लागली तर डोळा जातो.

डबा सापडल्यानंतर

पसंत पडलेल्या लॉटचे डबे लगेच घ्या. किती घ्यायचे? स्पर्धेत ६० शॉट आणि साइटर (आधीचे, गुणांत न धरले जाणारे शॉट) मिळून ८० धरले तर एका डब्यात सहा स्पर्धा होतात. जिल्हा, विभाग, राज्य, अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा, शिवाय प्रत्येकाआधी त्याच पेलेटने काही दिवस सराव, हे धरून वर्षाचा आकडा काढा. रोजच्या सरावाला स्वस्तातला पेलेट, आणि स्पर्धेच्या दहा-पंधरा दिवस आधीपासून निवडलेला लॉट, अशी वाटणी मला सर्वांत परवडणारी वाटते. बदल केला त्या दिवशी साइट पुन्हा लावून घ्यायला विसरू नका.

डबा स्कूटरच्या डिक्कीत मोकळा टाकू नका. इंदूरच्या रस्त्यांवर पाच किलोमीटर गेलात की आतले पेलेट एकमेकांवर आपटून स्कर्ट चेपतात, आणि चाचणीची सगळी मेहनत वाया जाते. झाकणाखाली स्पंज असतो तो फेकू नका. डबा अर्धा झाला की वर आणखी एक फोमची चकती कापून ठेवा, म्हणजे आत पोकळी राहत नाही. सियागंज बाजारात फोमचा तुकडा जवळजवळ फुकट मिळतो. पावसाळ्यात दमट हवेने शिशावर पांढरी भुकटी धरते. तसे पेलेट मारायचे नाहीत, पुसून वापरायचेही नाहीत. डबा हवाबंद बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह, कोरड्या कपाटात ठेवा. त्या बरणीवर रायफलचा क्रमांक, पेलेटचं माप, लॉट आणि चाचणीची सरासरी लिहा. एका घरात दोन मुलं नेमबाज असली तर हे फार उपयोगी पडतं, कारण भावाचा डबा बहिणीच्या रायफलला चालेलच असं नाही.

शेवटचा डबा उघडला की नव्या लॉटची चौकशी सुरू करा, संपेपर्यंत थांबू नका. जुन्या लॉटचे पन्नास पेलेट मात्र बाजूला काढून ठेवा. नवा लॉट आला की त्याच दिवशी, त्याच व्हाइसमध्ये, जुने आणि नवे आलटून पालटून मारा. जुन्यांचा ग्रुपही मागच्या वर्षीपेक्षा मोठा आला तर दोष पेलेटचा नाही. नळी साफ करा, स्क्रू आणि सील तपासा, मग पुन्हा मोजा. जुने पूर्वीसारखेच आले आणि नवे त्यांच्या बरोबरीचे निघाले, तर नव्या लॉटचे डबे मागवा.